एका ओळीची जागा

लग्न होऊन डोंगरीला आले
तेव्हा या घरातलं घड्याळ बंद होतं.
आय म्हणाली, अंड्याला दोन दहाके लागतात,
भाताला अख्खी माळ,
आणि भाईंदरचा बाजार, डोक्यावर टोपली असेल तर,
चार माळा. वांग्यांची असेल तर पाच.
मी ठाण्याची, कोलबाडातली, सिस्टरांच्या शाळेतली.
मनगटावरचं घड्याळ बघून
पहिला भात मी करपवला.

तिचं नाव इस्प्रांस.
चर्चच्या वहीत एस्पेरांसा,
सातबाऱ्यावर तलाठ्याच्या हातची इसप्रानबाई,
रेशनकार्डावर विश्रांती.
हे शेवटचं तिला आवडायचं.
म्हणायची, कागदावर तरी मिळाली.

संध्याकाळी क्रुसापुढं दिवा, चटईवर सगळे.
तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो,
आणि मग घर गप्प.
एवढीशीच जागा. सुपातला दाणा टोपलीत पडेल इतकी.
मग सगळे एकदम: आमची रोजची भाकर.
मला वाटलं, ही माणसं विसरतात.
मी खणखणीत म्हटलं:
जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.
माझा एकटीचा आवाज भिंतीवर जाऊन परत आला.
कुणी रागावलं नाही.
नणंदेनं, फिलूनं, पायाला चिमटा काढला.

आठ वर्षांनी, वाल सोलताना,
मी न विचारता आय बोलली.
जुजे. साडेतीन वर्षांचा. ताप.
सोमवारी पुरला.
मंगळवारी आवण लावली, रोपं कुठं थांबतात.
बस्त्याव बांधावर बसून राहिला, त्याला उठवेना.
ती चिखलात उतरली.
‘ओळ सरळ आली होती त्या दिवशी,’ ती म्हणाली,
‘इतक्या वर्षांत तेवढी एकच.’
रात्री प्रार्थनेतली ती दुसरी ओळ
घशातून वर येईना.

एक पाद्री म्हणाला, म्हण, नाहीतर पाप.
दुसरा म्हणाला, थांब, थांबलेलंही त्याला ऐकू येतं.
तिसऱ्याला तिनं विचारलंच नाही.
मिस्सा चुकवली नाही. तापातही नाही, बाळंतपणानंतर तर नाहीच.
आगेऱ्याला पहिली लोंबी तिच्या शेतातली.
सायबीण घरी आली की
शेजारचं भांडण विसरून त्याच शेजारणीला फुग्यांचं पीठ मळायला हाक.
उपवासकाळात मासळी नाही, आणि त्याहून कठीण,
चहात साखर नाही.
फक्त ती एक ओळ नाही.

पोरं तिच्या तोंडून शिकली, थांब्यासकट.
आंतोननं मास्तरांची छडी खाल्ली त्यापायी
आणि घरी कशासाठी ते सांगितलं नाही.
पोरांची पोरंही तशीच.
कारण कुणालाच ठाऊक नव्हतं,
श्वास घ्यायची जागा आहे असं समजायची.

शेत गेलं. अर्धं रस्त्याला, अर्धं वाटणीत.
उरलेल्या तीन गुंठ्यांत ती एक्याण्णवाव्या वर्षीही
पांढरा कांदा लावायची, बसून, सरकत सरकत.
शेवटच्या आठवड्यात मी तिच्या ओठांशी कान नेला.
ती ओळ आली का? मला सांगता येणार नाही.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
भाकरीच्या ओळीला मात्र तिनं मान हलवली,
नको. पुरे.

मातीला नवा पाद्री होता, तरुण, दूरच्या गावचा.
माइकवर त्यानं सुरू केलं, आम्ही मागून.
तुझे राज्य येवो,
आणि चाळीस माणसं गप्प.
खारघरहून आलेली नात, तिचा पेंगणारा पोरगा,
पासष्टीचा आंतोन,
आणि मी.
तो एकटाच म्हणत राहिला,
पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे,
आणि मान वर करून आमच्याकडं बघायला लागला,
काही चुकलं का, असं.

त्याला कुणी चिमटा काढला नाही.